सौम्य दमा आणि पंप : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दम्याचं निदान झालं, ‘सौम्य आहे, घाबरू नका’ असं म्हणत डॉक्टरांनी पंप लिहून दिला आणि औषधाच्या दुकानातून तो घरीही आला. इथपर्यंत सगळं सोपं असतं. अडतं ते यानंतर, आणि बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. पंप नीट ओढला जात नाही, त्यामुळे औषध फुप्फुसात जाण्याऐवजी जिभेवर आणि घशात बसतं. दुसरं म्हणजे छाती मोकळी करणारा फवारा हाच दम्याचा पूर्ण उपचार समजून माणसं वर्षानुवर्षं तेवढ्यावर काढतात. या दोन्ही चुका टाळता येतात, आणि दोन्ही महागात पडतात.

हा लेख मोठी माणसं आणि बारा वर्षांपुढची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. लहान मुलांचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे. मात्रा ठरवायची ती तुमच्या डॉक्टरांनीच. इथले आकडे तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजावं म्हणून दिले आहेत.

औषध नेमकं काय करतं

दम्यात श्वासनलिकांमध्ये तीन गोष्टी होतात. आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. वाट अरुंद झाली की श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, छाती जखडते, रात्री किंवा पहाटे खोकल्याची उबळ येते.

साल्बुटामॉल (अस्थालिन या नावाने घरोघर माहीत असलेलं औषध) यातल्या फक्त तिसऱ्या गोष्टीवर काम करतं. आवळलेले स्नायू ते सैल करतं. ओढल्यापासून साधारण पाच मिनिटांत आराम पडतो आणि चार ते सहा तास टिकतो. सूज मात्र होती तशीच राहते. आराम इतका पटकन आणि इतका स्पष्ट जाणवतो की आजार आटोक्यात आहे असं वाटू लागतं, आणि आतली सूज हळूहळू वाढत जाते. शिवाय साल्बुटामॉल एकटंच वारंवार घेत राहिलं तर शरीराचा त्याला मिळणारा प्रतिसाद कमी होतो आणि नलिका धूळ-धुराला आणखी चटकन आवळू लागतात.

म्हणून ‘जीना’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दम्यावर जगभरासाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये मोठा बदल केला. मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना, दमा कितीही सौम्य असो, नुसतं साल्बुटामॉल देऊ नये. सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हवंच, असं त्यात स्पष्ट सांगितलं. सौम्य दम्याच्या माणसालाही जीवघेणा झटका येऊ शकतो, हे त्यामागचं कारण. ‘सौम्य’ हा शब्द रोजच्या त्रासाबद्दल आहे. पुढचा झटका किती मोठा असेल याची हमी तो देत नाही.

तुमच्या चिठ्ठीवर काय असू शकतं

सौम्य दम्यात आज साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली आणि सध्या सर्वात पुढे ठेवली जाणारी पद्धत म्हणजे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, त्रास होईल तेव्हाच. फॉर्मोटेरॉल नलिका उघडतं, तेही साल्बुटामॉलइतक्याच झपाट्याने, आणि त्याचा परिणाम सुमारे बारा तास टिकतो. ब्युडेसोनाइड हे सूज उतरवणारं स्टिरॉइड. म्हणजे आराम हवा म्हणून पंप ओढला की सुजेवरचं औषध आपोआप पोटात नव्हे, थेट नळीत जातं. नेहमीची मात्रा २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड आणि ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल, एका वेळी एक पफ. काही मिनिटांत फरक पडला नाही तर आणखी एक. चोवीस तासांत कमाल १२ पफ ही वरची मर्यादा आहे. तिच्या जवळपास जायची वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिग्मा-१ या चाचणीत, नुसता आराम देणारा पंप वापरणाऱ्यांपेक्षा असा एकत्र पंप गरजेनुसार वापरणाऱ्यांमध्ये गंभीर झटक्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळलं.

दुसरी पद्धत जुनी आणि आजही चालणारी : कमी मात्रेचं स्टिरॉइड रोज, ठरलेल्या वेळी, आणि त्रास झाला तर साल्बुटामॉलचे एक-दोन पफ. ही उत्तम चालते, पण एका अटीवर. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप सोडायचा नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

तिसरी म्हणजे साल्बुटामॉल घेतलं की प्रत्येक वेळी मागोमाग स्टिरॉइडचाही पफ घ्यायचा. लेव्होसाल्बुटामॉल आणि बेक्लोमेथासोन एकाच डब्यात असलेले पंपही मिळतात.

तुमच्याकडे यांपैकी काहीच नसेल, फक्त साल्बुटामॉल असेल, तर ते फेकू नका आणि बंदही करू नका. पुढच्या भेटीत ‘सोबत सुजेवरचं औषध का नाही?’ एवढा प्रश्न जरूर विचारा.

इथे नावांचा गोंधळ होतो, तेव्हा थोडं सावकाश. पंपाच्या रंगावरून काहीही ठरवू नका. ‘निळा म्हणजे आरामाचा’ हे सगळ्या कंपन्यांना लागू पडत नाही. डब्यावरचं घटकांचं वाक्य वाचा. फॉर्मोटेरॉल आणि सॅल्मेटेरॉल ही नावं सारखी वाटतात, पण सॅल्मेटेरॉल सावकाश चढतं. सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनचा पंप दम लागल्यावर आरामासाठी वापरायचा नसतो. फोराकॉर्टसारखे पंप १००, २०० आणि ४०० अशा ताकदींत येतात. हा आकडा ब्युडेसोनाइडचा. दुकानदाराने ‘२०० नाहीये, ४०० देतो’ म्हटलं तर घेऊ नका, कारण गरजेनुसार पुन्हा पुन्हा ओढायच्या पंपात ४०० ची मात्रा बसत नाही. लेव्होसाल्बुटामॉलचा एक पफ ५० मायक्रोग्रॅमचा असतो आणि साल्बुटामॉलचा १०० चा. दोन्हींचं काम सारखंच होतं, त्यामुळे आकडा लहान दिसतो म्हणून दुप्पट घेऊ नका.

फवाऱ्याचा पंप : कसा ओढायचा

पंपाचे भाग मोजकेच. धातूचा डबा, त्याच्या बुडाशी एका दाबाला मोजून एकच मात्रा सोडणारी झडप, डबा ज्यात बसतो तो प्लास्टिकचा सांगाडा, तोंडात धरायची नळी आणि तिचं झाकण. बऱ्याच पंपांना आता उरलेले पफ दाखवणारा काउंटर असतो. साल्बुटामॉलचा डबा सहसा २०० पफचा असतो, एकत्र औषधांचा बऱ्याचदा १२० चा.

नवा पंप, किंवा बरेच दिवस न वापरलेला, आधी हवेत दोन ते चार वेळा उडवून घ्यायचा. नेमका आकडा आतल्या कागदावर असतो. हे केलं नाही तर पहिल्या पफमध्ये औषध कमी आणि नुसता वायू जास्त येतो.

मग हे असं :

१. ताठ बसा किंवा उभे राहा. झाकण काढा आणि नळीत डोकावून बघा. खिशात-पर्समध्ये उघड्या राहिलेल्या पंपात नाणं, कागदाचा कपटा, कापसाचे तंतू शिरलेले असतात.

२. पाच सेकंद जोरात हलवा. बहुतेक पंपांत औषधाचे कण द्रवात तरंगत असतात आणि ठेवल्या जागी खाली बसतात. न हलवता दाबलं तर एका पफमध्ये जास्त आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, असं होतं.

३. डबा वर, नळी खाली, असा पंप सरळ धरा. आडवा किंवा उलटा धरला तर झडपेत पुढची मात्रा नीट भरत नाही.

४. मान थोडी मागे. पंपापासून तोंड बाजूला करून, सहज जमेल तेवढा श्वास पूर्ण सोडा.

५. नळी दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा, जीभ खाली ठेवा.

६. तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच डबा एकदाच दाबा. दाबल्यावर थांबायचं नाही. तोच श्वास चार-पाच सेकंद आत घेत राहायचं.

७. पंप बाजूला काढा, ओठ मिटून दहा सेकंद श्वास रोखा. तेवढं जमत नसेल तर जमेल तितका. मग नाकाने हळू सोडा.

८. दुसरा पफ सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा आणि सगळं पहिल्यापासून. एकाच श्वासात दोनदा दाबून काही मिळत नाही.

सहावी पायरी सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात महत्त्वाचीही. फवारा वेगाने बाहेर पडतो आणि घसा काटकोनात वळतो. जोरात ओढलं की कण वळणावर घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच बसतात. अगदी नीट ओढलं तरी साधारण १० ते २० टक्के औषधच फुप्फुसात पोचतं. आधी दाबलं आणि मग श्वास घेतला, तर तेवढंही नाही. तोंडातून किंवा नाकातून पांढरी वाफ बाहेर येताना दिसली तर तो पफ वाया गेला, असं समजावं. आरशासमोर उभं राहून दोन-तीन दिवस तपासलं की चूक आपली आपल्याला दिसते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं तर आणखी चांगलं.

स्टिरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका. नाहीतर घोगरा आवाज किंवा तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे होऊ शकतात. मुलांची शाळेला निघायची घाई असेल तर दात घासण्याआधी पंप, ही वेळ सोयीची पडते.

स्पेसर : न लाजता वापरा

हात आणि श्वास यांचा मेळ जमत नसेल, तर स्पेसर ही अडचण एकदम सोपी करतो. तो म्हणजे एक पोकळ प्लास्टिकचा नळा. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाने श्वास घ्यायचा. फवारा आत काही क्षण थांबतो, वेग मरतो, मोठे कण भिंतीला चिकटून राहतात आणि बारीक कण सावकाश आत जातात. घशात बसणारं औषध खूप कमी होतं, फुप्फुसात जाणारं वाढतं. ‘स्पेसर लहान मुलांचा’ हा समज चुकीचा आहे. मोठ्यांनीही वापरावा, झटक्याच्या वेळी तर नक्कीच.

पंप हलवा, स्पेसरला लावा, श्वास सोडा, तोंड लावा, एकदा दाबा आणि लगेच सावकाश ओढा. एकाच मोठ्या श्वासात जमत नसेल तर तोंड न काढता चार-पाच साधे श्वास घ्या. काही स्पेसर शिट्टी वाजवतात. ती वाजली म्हणजे ओढ जास्त जोराची झाली. एका वेळी एकच पफ. चार पफ एकदम भरले तर कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना मास्क लागतो, आणि तो नाका-तोंडाभोवती घट्ट बसायला हवा. रडणाऱ्या बाळाला दिलेलं औषध फारसं आत जात नाही, म्हणून आधी शांत करायचं.

धुण्याची पद्धत वेगळी आहे. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून स्पेसर बुडवा, काढा आणि न पुसता उभा वाळू द्या. फडक्याने घासलं तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. नवा स्पेसर पहिल्यांदा वापरण्याआधीही असाच धुवा. तडे गेले, झडप वाकडी झाली की बदला. साधारण सहा महिने ते वर्षभर चालतो.

कॅप्सूलवाला पंप : इथे उलट नियम

रोटाहेलर, रेव्होलायझर यांसारख्या यंत्रांत कॅप्सूलमधली कोरडी पूड असते. स्वस्त, हाताळायला सोपा, म्हणून महाराष्ट्रात खेडोपाडी हाच जास्त दिसतो. याला फवाऱ्याचा जोर नसतो. पूड उडवायची ती तुमच्या श्वासाने. म्हणून इथे सावकाश नाही, तर पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. घट्ट मस्तानी स्ट्रॉने ओढताना लागतो तसा जोर.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी चौकोनी खाचेत घालून ती खाचेच्या पातळीला येईपर्यंत दाबायची. मग बूड फिरवायचं, म्हणजे कॅप्सूलची दोन शकलं होतात आणि पूड मोकळी होते. रेव्होलायझरमध्ये कॅप्सूल ठेवून तोंडाचा भाग पूर्ण बंद केला की आतल्या टाचण्या तिला भोकं पाडतात. त्यानंतर तोंड बाजूला करून श्वास सोडा, ओठ घट्ट मिटून जोरात ओढा, दहा सेकंद रोखा. उघडून बघा, पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा. जिभेवर किंचित गोड लागतं, कारण औषधासोबत लॅक्टोज असतं.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. कॅप्सूल गिळणं ही पहिली. हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण घरातल्या वयस्कर माणसांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं आणि कॅप्सूल म्हणजे गिळायची हे त्यांच्या दृष्टीने बरोबरच असतं. दुसरी, यंत्रात श्वास सोडणं. तोंडाच्या वाफेने पुडीचे गोळे होतात. तिसरी, सकाळीच कॅप्सूल भरून ठेवणं. कोकणात किंवा गोव्यात जुलैच्या हवेत कॅप्सूल तासाभरातच नरम पडते. ती नीट फाटत नाही आणि पूड चिकटते. बाटलीचं झाकण घट्ट लावा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, ओल्या हाताने कॅप्सूल धरू नका आणि बाथरूममध्ये ठेवू नका.

आणखी एक मर्यादा. जोरात ओढायची ताकद लागत असल्याने पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हा प्रकार चालत नाही, आणि मोठ्या झटक्यात मोठ्यांनाही पुरत नाही. म्हणून रोज कॅप्सूल वापरत असाल तरी अडीनडीला फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर घरात असावा.

निगा

आठवड्यातून एकदा धातूचा डबा बाहेर काढा आणि नुसता प्लास्टिकचा सांगाडा अर्धा मिनिट कोमट वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवा. झटकून रात्रभर वाळवा. साल्बुटामॉल बारीक भोकाशी साठतं आणि फवारा अडतो. पंप ‘बिघडला’ म्हणून परत आणलेल्या बऱ्याच पंपांचं दुखणं एवढंच असतं. डबा मात्र पाण्यात बुडवू नका. पाण्यात तरंगतो की बुडतो यावरून किती औषध उरलंय ते ठरवायची जुनी युक्तीही सोडून द्या. ती चुकीचं उत्तर देते आणि झडपेत पाणी शिरतं. डबा हलवल्यावर आवाज येतो म्हणजे औषध आहे, हेही खरं नाही. मात्रा संपल्यावरही वायू उरतो. काउंटर नसेल तर पंप उघडल्याची तारीख डब्यावर लिहा आणि कॅलेंडरवर पफ मांडत चला.

३० अंशांच्या खाली ठेवा, असं डब्यावर लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हे कुठून पाळलं जाणार? डब्यात दाब असतो, ५० अंशांपुढे तो फुटण्याचा धोका असतो. सोबतच्या पिशवीत, सावलीत ठेवा. उलट कडाक्याच्या थंडीत डबा गार पडला तर फवारा कमजोर येतो. तेव्हा तळहातात धरून ऊब द्या.

कधी ओढायचा

छाती जखडली, शिट्टी वाजली, खोकल्याची उबळ थांबेना, की लगेच. ‘बघू अजून अर्धा तास’ करण्यात अर्थ नाही; लवकर घेतलेला एक पफ उशिरा घेतलेल्या चारांची गरज टाळू शकतो. धावल्याने किंवा खेळल्याने त्रास होत असेल तर १० ते १५ मिनिटं आधी घेता येतो, सोबत सावकाश अंग गरम करणंही हवं. मळणीची धूळ, गाजरगवताचा फुलोरा, दिवाळीतले फटाके, मिरचीची फोडणी, पावसाळ्यात भिंतींना आलेली बुरशी : कशाने त्रास होतो ते महिनाभर लिहून ठेवलं तर आपलं आपल्याला कळतं.

आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, किंवा दम्याने रात्री झोपमोड होत असेल, तर उपचार पुरेसा नाही. साल्बुटामॉलचे वर्षाला तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक डबा संपत असेल तर मृत्यूचाही. दुकानदार चिठ्ठी न बघता डबा देतो म्हणून डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.

झटका आला तर

ताठ बसवा, आडवं करू नका. कपडे सैल करा, शांत राहा. साल्बुटामॉलचे चार पफ स्पेसरमधून, एकेक करून. प्रत्येक पफनंतर चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हेच चालू ठेवा. स्पेसर हाताशी नसेल तर पंप थेट ओढा, पण थांबू नका. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप असेल तर एकेक पफ, मधे दोन-तीन मिनिटं सोडून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या संख्येपर्यंत.

पुढचं काही दिसलं तर थांबून बघायचं नाही, आधी फोन आणि मग पफ : वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, गळ्याजवळची किंवा बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, माणूस गुंगीत जातोय, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा. आधी ऐकू येणारी शिट्टी एकदम बंद झाली आणि माणूस थकलेला दिसतोय, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवाच आतबाहेर होत नाहीये. आणि पंपाने आराम पडला, पण तीन-चार तासांत पुन्हा तोच त्रास सुरू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना.

भीती, सवय आणि गोळ्या

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य जितक्या माणसांना उपचारापासून दूर ठेवतं, तितकं क्वचितच दुसरं काही ठेवत असेल. सवय लागत नाही. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो तो दमा शिल्लक असल्यामुळे.

आकडे बघा. साल्बुटामॉलचे दोन पफ म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. तेच औषध ४ मिलिग्रॅमच्या गोळीत ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे वीसपट. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, हात जास्त थरथरतात, छाती जास्त धडधडते, आणि आराम उशिरा पडतो. स्टिरॉइडचंही तसंच. ब्युडेसोनाइडचा एक पफ २०० मायक्रोग्रॅम. झटका आल्यावर द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोनची रोजची मात्रा मोठ्यांसाठी बहुधा ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपातल्या स्टिरॉइडला घाबरून तो टाळणाऱ्याच्या वाट्याला हीच गोळी येते. गरोदरपणीही पंप बंद करू नका. आईचा दमा अनावर होणं बाळासाठी औषधापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

पंपानंतर हाताला थोडा कंप, छातीत धडधड, कधी पायात गोळे : हे होतं आणि तासाभरात ओसरतं. धडधड जास्त झाली, छातीत दुखलं किंवा हृदयाचा आजार आधीच असेल तर डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या आजारांची औषधंही सांगा. मायग्रेन किंवा थरथरीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब नलिका आवळतात आणि पंपाचा परिणामही अडवतात. डोळ्यांचे थेंब म्हणजे औषध नाही असं वाटून ते सांगायचं राहून जातं. काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनीही झटका येतो.

नेब्युलायझरबद्दल थोडं. घरात वाफेचं मशीन आणलं म्हणजे उपचार वरच्या दर्जाचा झाला, असं नाही. सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर तेवढंच काम करतात, कमी वेळात आणि विजेशिवाय. घरच्या नेब्युलायझरचा खरा धोका वेगळाच : एकामागून एक वाफ देत बसल्याने दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

पुढच्या भेटीला

दोन-तीन महिन्यांनी जाताना पंप, स्पेसर आणि कॅलेंडर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एक पफ ओढून दाखवा. ‘बरोबर घेताय ना?’ या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात, पण ओढताना बघितलं तर निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी पायरी चुकते. ‘झटका आला तर किती पफ, किती वेळाने, कधी दवाखाना’ हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, ठरली असेल तर आधी किती तास पंप घ्यायचा नाही ते विचारा. साल्बुटामॉलसाठी साधारण चार तास, फॉर्मोटेरॉलसाठी बरेच जास्त. मात्र त्या दिवशी दम लागलाच तर चाचणी पुढे ढकला, पंप नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलाचा पंप शिक्षकांच्या कपाटात कुलूपबंद नको, त्याच्या दप्तरात हवा. नाव लिहिलेला, स्पेसरसह. वर्गशिक्षकांना तो कसा द्यायचा ते एकदा प्रत्यक्ष दाखवून या.